पंचवीस मिनिटं

साडेनऊला बिर्गरने बटण दाबलं आणि सगळ्या केंद्राचे हात रिकामे झाले.

केंद्र पाइनच्या झाडांची वाढ मोजणारं. आदल्या दिवशीची मोजमापं रोज सकाळी सांख्यिकीच्या एकाच प्रोग्राममधून जायची, आणि तो चालू असला की कुणाला आकड्यांना हात लावता यायचा नाही. मग खुर्च्या सरकवत सगळे स्वयंपाकघरात कॉफीला जायचे. एकटी हेडविग जागची हलायची नाही. ती फेब्रुवारीच्या एक तारखेला रुजू झाली होती, आणि मार्च उजाडेपर्यंत तिने त्या स्वयंपाकघराचं दार पुरतं पाहिलंही नव्हतं.

वेळ वाचवायचं तिला वेडच होतं. आल्या आठवड्यातच तिने भिंतीवर यादी लावली. एकच काम तिसऱ्यांदा करायची वेळ आली, तर त्याची आज्ञा लिहून ठेवा. हवे तेवढेच रकाने उघडा. तोच आलेख रोज नव्याने काढू नका. यादी चांगलीच होती. लोक ती वाचायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा आपल्या जुन्या वाटेने जायचे.

"येतेस ना?" टॉर्स्टेन दारात उभा होता. खोडांची वर्तुळं मोजण्यात त्याचा जन्म गेला होता. "वेलदोड्याचे बनपाव आहेत आज. गरम आहेत."

"पाचच मिनिटं, टॉर्स्टेन."

"तुझी पाच मिनिटं म्हणजे आमच्या लांबच्या नातेवाइकांसारखी. येतो येतो म्हणतात आणि कधी उगवत नाहीत."

"आणि तू? परवा शिकवलं, तरी काल एकेक आकडा हाताने टाइप करत बसला होतास! अर्धा तास घालवलास."

"बोटांना तेवढाच विरंगुळा," म्हणत तो हसला आणि गेला.

भला माणूस, पण याच्या डोक्यात काही शिरायचं नाही, असं हेडविगने केव्हाच ठरवून टाकलं होतं. हुशार माणसं दुसऱ्याबद्दल फार लवकर ठरवून टाकतात.

आज तिला दुसरं काही सुचत नव्हतं. बिर्गर वर्षभरापूर्वीच प्रमुख म्हणून आला होता. शुक्रवारी त्याने तिला बोलावून घेतलं होतं. "जूनमध्ये तुझी मुदत संपते. स्टॉकहोमच्या मुख्य कचेरीला तुझ्याबद्दल काहीतरी ठोस लिहायला हवं. हा प्रोग्राम आधीच रेंगाळायचा, हल्ली तर आणखी सुस्तावलाय. पंचवीसची दहा मिनिटं करून दाखव. मग जूननंतरही हे टेबल तुझंच."

जूननंतर! चार वर्षांत हे तिचं तिसरं गाव. माल्मोहून निघताना बांधलेली खोकी तिने दोन गावांत उघडलीच नव्हती. पुन्हा उचलायचीच आहेत तर सोडायची कशाला? तिला आता कुठेतरी राहायचं होतं. कुणीही विचारलं असतं तर तिने हे कबूल केलं नसतं, पण खरं तेवढंच होतं.

तिने आपल्या संगणकावर प्रोग्रामच्या फाइलची नक्कल उघडली. नऊशे ओळी. पाच-सहा जणांनी ठिगळं लावलेल्या. शुक्रवारपासून ती हात धुऊन त्यांच्या मागे लागली होती. आज सहाशे बाराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

'पंचवीस मिनिटं थांब. काहीही करू नकोस.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग पुसली आणि आपल्याकडे उतरवून ठेवलेले मागच्या आठवड्याचे आकडे घालून पाहिले. चाळीस सेकंद! ती खुर्चीतल्या खुर्चीत उडालीच. कोण शहाण्याने घालून ठेवली असेल ही? काही का असेना, टेबल तिचं झालं होतं. आता फक्त ही फाइल जुनीच्या जागी ठेवायची होती.

केंद्राचा एक नियम होता. फाइलला हात लावणाऱ्याने शेवटी नाव आणि तारीख लिहायची. ती खाली सरकत नावांपर्यंत आली.

'मार्गारेता, मार्च २०११. टॉर्स्टेनची बायको गेली. घरी त्याच्याशी बोलायला कुणी नाही, आणि इथे प्रत्येक जण आपल्या स्क्रीनसमोर खातो. वीस मिनिटं थांबण्याची ओळ घातली आहे. तेवढा वेळ तरी सगळे त्याच्यासोबत बसतील.'

'एस्किल, २०१५. ओळ सापडली. राहू दिली.'

'कारिन, २०१९. मलाही सापडली. राहू दिली. कुणाला बोलले नाही.'

स्वयंपाकघरातून हसण्याचा मोठा आवाज आला. त्यात टॉर्स्टेनचं खोकत खोकत हसणं वेगळं ओळखू येत होतं. हेडविगला स्वतःची लाज वाटली. ज्या माणसाला आपण सकाळ-संध्याकाळ वेळ वाया घालवतो म्हणून बोलतो, त्याच्या दिवसातला बोलण्याचा वेळ कदाचित एवढाच. तिला जून आठवला, खोकी आठवली. रडूच येईल असं वाटलं. पण दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून आपलं ताट वाढून घेणं तिच्याने होईना. बिर्गरला सांगू, नाही जमलं म्हणून.

तिने ओळ होती तिथे पुन्हा लिहिली आणि कारिनच्या खाली आपलं नाव घालायला आली. पण फाइल तिथे संपली नव्हती. टाइप करण्याची सवय नसलेल्या माणसाने सोडाव्यात तशा दहा-बारा ओळी कोऱ्या होत्या, आणि त्यांच्या खाली लिहिलं होतं :

'टॉर्स्टेन, ९ फेब्रुवारी. ओळ आज मलाही सापडली. माझं आता बरं चाललंय. पण नवी मुलगी एकटीच आपल्या टेबलाशी बसून खाते, आणि वीस मिनिटांत काही ती उठत नाही. पाच मिनिटं वाढवली आहेत.'