परस्पर काढलेल्या वाटा

"काकू, आता छातीत जरा गरम वाटेल. घाबरू नका," डॉक्टर म्हणाली.

"अगं, भट्टीपुढं जन्म गेला माझा," टेबलावर आडव्या पडलेल्या बेकरीवाल्या काकू म्हणाल्या. "मला गरमाचं काय सांगतेस?"

मनगटातून आत सरकवलेली बारीक नळी त्यांच्या हृदयापर्यंत पोचली होती. काकू जाग्या होत्या. मान किंचित वळवली की शेजारचा पडदा दिसत होता.

मधुमेह निघाला त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या हातच्या केकचा तुकडाही तोंडात घातला नव्हता. गोडाचा अंदाज त्या वासावरून घ्यायच्या. साखरेचा रिपोर्ट दर वेळी चांगला यायचा, आणि तो गिऱ्हाइकांना ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र त्यांनी आपल्या मनानंच बंद केली होती. काठीसारख्या अंगावर चरबी आहेच कुठं, असं त्यांचं म्हणणं. छातीत कधी दुखलं नव्हतं. हल्ली पावाचे ट्रे उचलताना दम लागायचा, एवढंच. तेवढ्यावरून नवऱ्यानं ओढून इथं आणलं होतं.

रक्तवाहिन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून डॉक्टरनं नळीतून औषध सोडलं. पडद्यावर काळ्या रेघा उमटल्या, फांद्यांसारख्या पसरल्या आणि पुसून गेल्या. तिनं पुन्हा औषध सोडलं. या वेळी ती डोळे बारीक करून एकाच जागेकडे बघत राहिली.

"काय गं, गप्प का झालीस?"

"काकू, हृदयाच्या पुढच्या बाजूला रक्त पोचवणारी ही मोठी रक्तवाहिनी." तिनं पडद्यावर एक जागा दाखवली. तिथं रेघ तोडल्यासारखी थांबली होती. "ही पूर्ण बंद आहे. आजकालची नाही, बऱ्याच दिवसांपासून."

"साखर तर ताब्यात आहे ना माझी?"

"साखर ताब्यात आहे. पण मधुमेहात रक्तातली चरबीही बिघडते. वाईट वाढते, चांगली कमी होते, आणि ती वाईट चरबी रक्तवाहिन्यांना आतून चिकटत जाते. अंगानं बारीक असलं तरी. आणि मधुमेहात कधी कधी छातीत दुखतसुद्धा नाही, त्यामुळं कळत नाही."

"मग मी जिवंत कशी?"

"तेच बघायचंय." डॉक्टरनं नळी जरा हलवली. "आता उजव्या बाजूनं सोडते."

उजवीकडची रेघ काळी झाली. मग तिच्यातून केसाएवढे बारीक धागे निघाले. वेडेवाकडे, वेटोळी घालत ते हृदयाच्या तळाशी गेले, पलीकडं वळले आणि हळूहळू वर चढू लागले. बंद पडलेली रक्तवाहिनी खालच्या बाजूनं भरत आली. टेबलाच्या पायाकडच्या टोकाशी उभी असलेली नर्स हातातलं काम थांबवून बघायला लागली.

"हे कुणी घातलं?" काकूंनी विचारलं.

"कुणी नाही. मोठा रस्ता बंद होत गेला तसतशा तुमच्या हृदयानंच या वाटा काढल्या."

"मला न विचारता? परस्पर?"

"परस्पर."

काकूंनी मान पडद्याकडं आणखी वळवली. "पुन्हा दाखव," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरनं दाखवलं. मग समजावलं, की या वाटांवर फार दिवस भागणार नाही. दम लागतो तो त्यामुळंच. ऑपरेशन लागेल आणि गोळी आता जन्मभर. काकूंनी एकदाही वाद घातला नाही. "तू म्हणशील तसं," म्हणाल्या. "पण आधी यांना आत बोलाव. माझ्या सांगण्यानं पटायचं नाही त्यांना."

मनगटाला पट्टी बांधून काकूंना चाकांच्या खुर्चीत बसवलं. शेजारच्या खोलीत, काचेमागच्या पडद्यासमोर, नवरा येऊन उभा राहिला. बेकरीतून तसाच आला होता, बाहीला पीठ होतं. डॉक्टरनं ते चित्र पहिल्यापासून लावलं. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याजवळ वाकला. बारीक धागे वळसा घालून वर चढले. मागं हृदयाची सावली आकसत होती, फुगत होती.

"हे हिचं आहे?" त्यानं विचारलं.

"काकूंचंच."

"अहो, बघितलंत का?" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं मी आपली पाव भाजत बसले, आणि हे आतल्या आत..."

नवऱ्यानं पडद्यावरची नजर न काढता बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "काम चाललंय त्याचं."