थांबवणाऱ्याचे आभार

“पाठ वाकवा, बाई. आणखी थोडी. हनुवटी छातीला लावा.”

शिवणाच्या बाई ऑपरेशनच्या टेबलावर पाय सोडून बसल्या होत्या. मागे भूलतज्ज्ञ हातमोजे चढवत होता. कण्यात एक इंजेक्शन, मग कमरेखालचं अंग बधिर, मग उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. नवी सिस्टर समोर उभी राहून त्यांचे खांदे धरत होती. बाईंच्या मनात मात्र गुडघा नव्हताच. मनात होती सकाळची गोळी.

रक्त पातळ करणारी, हृदयासाठीची गोळी. शस्त्रक्रियेआधी ती बंद करायची होती आणि बाईंनी केलीही होती. पण आज पहाटे छातीत धडधडलं, जीव घाबरा झाला आणि त्यांनी पर्समधली गोळी गुपचूप पोटात ढकलली. वॉर्डात विचारलं तेव्हा “नाही घेतली” म्हणाल्या. खरं सांगायची छाती कुणाची? सर्जननी तपासतानाच बजावलं होतं, “बंद म्हणजे बंद. टेबलावर आल्यावर ‘चुकून घेतली’ म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे.” शिवाय लेक लांबून रजा काढून आली होती. शस्त्रक्रिया पुढे गेली की तिची रजा पाण्यात. एका गोळीनं काय आभाळ कोसळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून बाई मूग गिळून बसल्या होत्या.

तसा चुका लपवण्याशी त्यांचा जुना परिचय होता, पण पलीकडच्या बाजूनं. जन्मभर त्यांनी मुलींना शिवण शिकवलं. टाका चुकला की त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. मुली फसलेलं कापड पिशवीच्या तळाशी दडपून घरी नेत. बाईंना ते ठाऊक होतं आणि आपल्या धाकाचं त्यांना कौतुकच होतं.

“थांबा!” सिस्टर एकदम ओरडली. “कागदावर उजवा गुडघा आहे आणि खूण डाव्यावर केलीय!”

सगळे हात जागच्या जागी थबकले.

“आभारी आहे, सिस्टर,” सर्जन म्हणाले. गोड वगैरे मुळीच नाही, कडू काढा गिळावा तसे म्हणाले. मग त्यांनी कागद पाहिला, गुडघ्यावरचा निळा बाण पाहिला, बाईंनाही विचारलं. बाण उजव्याच गुडघ्यावर होता. सिस्टर बाईंच्या समोर उभी होती. तिच्या डाव्या हाताला आलेली ती बाईंची उजवी बाजू. हे लक्षात आलं तशी पोरगी कानापर्यंत लाल झाली. मास्कआड कुणीतरी खुसखुसलं. हात दाखवून अवलक्षण, बाईंच्या मनात आलं. आता हिची धडगत नाही.

“ठीक,” सर्जन म्हणाले. “पुन्हा शंका आली तर पुन्हा असंच थांबवा.”

बाईंचा कानांवर विश्वास बसेना. “अहो, पण ती तर चुकली ना?”

“चुकली. पण हॉस्पिटलच्या दर्जा समितीचा नियम आहे. थांबवणाऱ्याचे आधी आभार मानायचे, चूक-बरोबर मग बघायचं. मला काही पटला नव्हता. पण तेव्हापासून लोक माझ्यासमोर तोंड उघडायला लागले.” ते भूलतज्ज्ञाकडे वळले. “चला, सुरू करा.”

पाठीवरून औषधाचा गार बोळा फिरला. सिस्टरनं अजून बाईंचे खांदे सोडले नव्हते. बाईंना पिशव्यांच्या तळाशी दडपलेली ती सगळी कापडं आठवली.

“थांबा,” त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. “थांबा हो. मी सकाळी गोळी घेतलीय. रक्ताची. मघाशी खोटं बोलले मी.”

भूलतज्ज्ञानं सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. “ही आत गेली असती तर कण्यात रक्त साचायची भीती होती,” तो म्हणाला. “पाय कायमचे गेले असते, बाई.”

सर्जनचा जबडा मास्कखाली आवळलेला दिसला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

“आभारी आहे, बाई,” सर्जन म्हणाले. “का घेतलीत?”

“छातीत धडधडत होतं. घाबरले.”

“तुम्हाला घाबरायला होतंय का, हे मी आधीच विचारायला हवं होतं.” त्यांनी हातमोजे काढले. “आजचं रद्द. आधी हृदयाच्या डॉक्टरांना बोलवा. गुडघा काय, तो कुठे पळून जात नाही.”

बाहेर नेताना ट्रॉलीला तीच सिस्टर होती. बाईंनी पांघरुणाखाली पाय हलवून पाहिले. आधी डावा, मग दुखरा उजवा. दोन्ही हलले. त्यांचे डोळे भरून आले. लेकीच्या रजेचं काय ते बघता येईल.

“सॉरी हं, बाई,” सिस्टर पुटपुटली. “उगाच घाबरवलं तुम्हाला. माझंच डावं-उजवं चुकलं.”

बाईंनी तिचा हात धरला आणि उभ्या जन्मात एकाही मुलीला म्हटलं नव्हतं ते म्हणाल्या.

“बरं झालं चुकलीस, पोरी.”