सभापतीच्या जागी

आईबाप दोन्ही दाखवतो, वंशाचे कागदही देतो.

घरातल्या सगळ्यांची संमती आहे का?

आंबिलीला ताक पुरणार नाही.

त्याला सांगा, मी आलेय ती अप्पांसाठी.

एवढं सगळं उमाबाईच्या कानांवर एकाच सकाळी पडलं. पहिलं वाक्य माजलगावच्या कुत्री विकणाऱ्या त्रिंबकचं, नवऱ्याच्या मोबाइलमधून. दुसरं बीडजवळ भटक्या कुत्र्यांचा निवारा चालवणाऱ्या शहादेवचं, नणंदेच्या मोबाइलमधून. तिसरं तिचं स्वतःचं. चौथं नणंदेचं, आणि ज्याला सांगायचं तो तिचा भाऊ केदारनाथ हाताच्या अंतरावर बाजेवर बसला होता.

"सांगा म्हणती," उमाबाई नवऱ्याला म्हणाली.

"ऐकलं मी. तिला इचार, चहा घेती का."

"ताई, चहा?"

"नको म्हणावं त्याला."

दोन दिवाळ्या हे असंच चाललं होतं. केदारनाथनं शेतातल्या हिश्शाचं हक्कसोडपत्र परस्पर तयार करून बहिणीच्या पुढ्यात ठेवलं. प्रणितानं सही केली, वाढलेलं ताट तसंच सोडलं आणि बीडला, सासरी निघून गेली. त्यानंतर भाऊबीजेलाही आली नाही.

परवावर येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली होती. त्या दिवशी सगळं घर ज्वारीच्या शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा करतं आणि तिथंच जेवतं. पण केदारनाथचे वडील, वैजिनाथअप्पा, हटून बसले होते.

"सभापती आल्याबिगर मी शेतात येणार न्हाई."

सभापती म्हणजे अप्पांचा कुत्रा. तांबूस, डावा कान फाटलेला, म्हातारा. लग्नाआधी प्रणितानं तो तेलगावच्या स्टँडवरून उचलून आणला होता. मोकळी खुर्ची दिसली की चढून बसायचा, म्हणून हे नाव. चार दिवस तो दिसत नव्हता.

केदारनाथनं बियाण्यांचं दुकान बंद ठेवून गाव पालथं घातलं. गडी उसातून फिरून आले. उमाबाई तेवढी गेली नाही. तिच्यामागं येळवशीचं काम होतं. शेवटी अप्पाच म्हणाले, "प्रणितानं हाक मारली तर येईल त्यो." मग उमाबाईनं फोन केला आणि प्रणिता आली. तिनं बांधाबांधावरून हाका मारल्या. सभापती आला नाही.

तेव्हा केदारनाथनं तोड काढली. अप्पांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. तसाच दुसरा कुत्रा आणायचा. ओळखतील ते हातानं, आणि सभापती हाताला कसा लागतो हे प्रणिताइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तिला सांग, त्रिंबककडं मोठा नर हाय. रंग तोच. जातिवंत, कागदासकट."

"वहिनी, त्याला सांगा, त्याला सगळ्यालाच कागद लागतो."

केदारनाथनं मोबाइल बाजेवर पालथा ठेवला.

"तिला सांग, निवाऱ्यातलं कुत्रं चावलं तर?"

"त्याला सांगा, लसी झाल्यात. आणि ह्याचा कान फाटकाच हाय. त्रिंबकच्या कुत्र्याचा काय हा कापून घेणार हाय का?"

उमाबाईनं पळी आपटली.

"मी काय ग्रामपंचायतीचा भोंगा हाय का? तुमी दोघं एका खोलीत, आन् बीड-माजलगाव मी करायलेय! आवो, उठा. ताई, तुमी बी उठा. दोन्ही कुत्री बघा, एक घेऊन या. मला भज्जीच्या भाज्या निवडायच्यात."

"मी त्याच्या गाडीत..."

"मग टपावर बसा!"

ते परतले तेव्हा दिवस कलला होता. गाडीत पुढं दोघं, मागं एक तांबूस कुत्रा, फाटक्या कानाचा.

"वहिनी, त्रिंबकचं कुत्रं नुसतं देखणं," प्रणिता सांगू लागली. "साखळी सोडली तरी साखळीएवढंच फिरायचं. पुढं पायच टाकीना."

"मग मीच म्हणलं, चल इथनं," केदारनाथ म्हणाला.

"आणि निवाऱ्यात शहादेवनं कागद पुढं केला. तर दादा मला म्हणतो, सही तू करती का मी?"

"तर ही म्हणती, ह्या कागदावर मी करते!"

दोघं हसायला लागली. हसता हसता प्रणितानं डोळ्याला पदर लावला आणि केदारनाथ उगाच कुत्र्याकडं बघत राहिला.

"नावाचं काय?" उमाबाईनं विचारलं.

"सभापती म्हणलं की ढुंकून बघत न्हाई," केदारनाथ म्हणाला. "बिस्कीट म्हणलं की बघतो."

"मग अप्पांच्या म्होरं बिस्कीट म्हणा. आता हात धुवा, दोघं बी. भाकऱ्या गार व्हायल्यात."

येळवशीच्या दिवशी अप्पा कोपीसमोर घोंगडीवर बसले. शेतापर्यंत त्यांना आणायला केदारनाथला फार गळ घालावी लागली होती. "आलाय सभापती, हात तरी लावा," असं प्रणितानंही दहादा सांगितलं होतं.

तिनं कुत्रा पुढं आणला. अप्पांनी त्याच्या कानावरून हात फिरवला, मग पाठीवरून, मग पुन्हा कानावरून. केदारनाथनं बहिणीचं कोपर घट्ट धरलं होतं.

"वाळलास की रे, सभापती," अप्पा म्हणाले.

प्रणितानं श्वास सोडला. केदारनाथनं कोपर सोडलं नाही.

"वाढ आता, प्रणिता. दादाला आधी वाढ. आन् तू बी त्याच्याच शेजारी बस." मग ते सुनेकडं वळले. "उमाबाई, तू बी टेक जरा. लई दमलीस."

"दमीन न्हाई तर काय," उमाबाई फणकारली आणि आंबिलीचं मडकं पुढं ओढलं.

खरा सभापती शोधाशोध सुरू व्हायच्या आधीच, सोमवारी पहाटे गोठ्यात मेला होता. अप्पांना टिकाव उचलेना, म्हणून बांधाकडेचा खड्डा उमाबाईनं खणला होता.