हेस्टरची फुली

हेस्टरने ज्या साली स्वतःच्याच नवऱ्याशी दुसऱ्यांदा लग्न केलं, त्या साली, म्हणजे अठराशे सहासष्टच्या जूनमध्ये, ती एका शब्दापाशी येऊन अडली. पहिलं लग्न गुलामीतलं. मालकाच्या मर्जीने लागलेलं, त्याच्या मर्जीने मोडू शकणारं. हे दुसरं चर्चच्या वहीत नोंदलेलं. तिचा नवरा लेव्हिन गावभर सांगत फिरे, "छत्तीस वर्षं पारखून घेतली, मग केली."

चार जुलैला मेरीलँडच्या त्या खाडीकाठच्या चर्चमध्ये देशाचा पहिला कागद, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, वाचायचा होता. इंग्लंडच्या राजाला 'आता तू आमचा कोणी नाहीस' असं कळवणारा. वाचणाऱ्या प्रत्येकाला एक ओळ. साठीला टेकलेल्या हेस्टरने त्याच मार्चमध्ये अक्षरं गिरवायला घेतली होती. तिच्या वाट्याला माणसाच्या जन्मजात हक्कांची ओळ आली.

"अ-हस्-तां-त-र-णी-य," ती दाराच्या पायरीवर बसून वाचत होती.

"हा शब्द संपेपर्यंत खेकडे थंड होतील," लेव्हिन म्हणाला.

"तू गप. तुला 'अ' तरी येतो का?"

"मला कशाला हवा? माझी बायको वाचते."

एरवी ती हसली असती. पण तिचा जीव टेम्पीत अडकला होता. टेम्पी तिची नात, आई नसलेली, नऊ वर्षांची. गुलामी सुटली त्याच हिवाळ्यात जुना मालक रिडली हेस्टरला कोर्टात घेऊन गेला होता. पोरीला शाळा, बूट, पोटभर जेवण मिळेल म्हणाला. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून हेस्टरने कागदावर सहीऐवजी फुली मारली. कागदात लिहिलं होतं की पोर अठरा वर्षांची होईपर्यंत त्याच्याकडे राबेल. बूट मिळाले. शाळा नाही. दर रविवारी हेस्टर मक्याची भाकरी घेऊन त्याच्या फाटकाशी जाई आणि परतताना स्वतःला एकच सांगे, माझ्याच हाताने दिली.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतल्या लव्हिनियाबाईंना शब्दाचा अर्थ विचारला.

"जे या हातातून त्या हातात जात नाही ते. विकता येत नाही, देता येत नाही."

"स्वतःच्या हाताने दिलं तर?"

"तरी जात नाही, हेस्टरमावशी."

हेस्टरने पाटी पुसली. "आणि दुसऱ्या कुणाचं देऊन टाकलं असेल तर?"

"स्वतःचंच देता येत नाही, मावशी. दुसऱ्याचं कुठून देणार?"

चार जुलैला हेस्टरने आपली ओळ न अडखळता वाचली. वाचून झाल्यावर ती बाकावर बसली नाही. सरळ दाराबाहेर पडली. लेव्हिन टोपी हातात घेऊन मागे धावला.

"अगं, जेवून तरी जा."

"तू जेव. मी पोरीला घेऊन येते."

तो काही जेवायला थांबला नाही. दोन मैल तिच्या मागून चालला.

रिडलीने कागद बाहेर आणला. "ही फुली तुझीच ना?"

"माझीच, रिडली." उभा जन्म ती त्याला मालक म्हणत आली होती.

"मग?"

"फुली माझी होती. पोर स्वतःची आहे. जे माझं नव्हतं ते मी तुला दिलं कसं?"

तिने रिडलीच्या मागे दाराशी आलेल्या पोरीकडे हात पुढे केला. टेम्पीने एप्रनला हात पुसले आणि येऊन तो धरला. तिघं घरी चालत आली. वाटेत लेव्हिनने एकदा विचारलं, की तो लांबलचक शब्द पुन्हा म्हणशील का.

रिडली कोर्टात गेला. जज्जाने तारखांवर तारखा दिल्या. कागद रद्द झाला तोवर टेम्पी चार बोटं उंच झाली होती आणि आजीच्या वाचनातल्या चुका काढत होती.

हेस्टर अठराशे एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत गेली. त्या दफनभूमीत प्रत्येक थडग्यावर क्रूस आहे. हेस्टरच्या थडग्यावरच्या फळीवर क्रूस नाही, टेम्पीच्या अक्षरात नुसतं नाव आहे. हेस्टरनेच तसं बजावून ठेवलं होतं: "फुली एकदा मारली तेवढी पुरे."