कमी, पण सकस

बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर मुकादम असलेल्या आबासाहेबांचं पोट इतकं सुटलं, की डॉक्टरांनी त्यांचं जेवण निम्म्यावर आणलं. शुक्रवार पेठेतल्या घरी सोनाबाई नवऱ्याला एकच भाकरी, मोड आलेली मटकी आणि पालेभाजी वाढू लागली. "कमी खायचं, पण सकस खायचं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

एका संध्याकाळी त्यांनी कामावरून येताना पिशवी आणली. सोनाबाईनं उघडून पाहिली. आत खडी फोडणाऱ्या बायांना दुपारी वाटायची सुकडी होती.

"ही हितं कशाला?"

"गहू, गूळ, शेंगदाणं, समदं हाय त्यात. औषधापरास बरी."

त्यांनी मूठभर सुकडी तोंडात कोंबली आणि बोटं चाटली. भुगा मिशीला चिकटला.

"आन् बायांनी काय खाल्लं?"

"निम्मी दिली की त्यास्नी." आबासाहेबांनी पुन्हा पिशवीत हात घातला. "अगं, कमी खाल्लं की माणूस लई जगतंय. डॉक्टरच म्हणाले."