सुट्टीचा गुरुवार

आजी आमच्याकडे रेक्याविकला राहायला आली, आणि दर गुरुवारी संध्याकाळी आमचं इंटरनेट बंद पडायला लागलं. कंपनीचा माणूस येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. एरवी मी माझ्या मोबाइलवर कोरियन मालिका बघायची आणि माझा नवरा स्टेइनार त्याच्या मोबाइलवर अमेरिकन. गुरुवारी मात्र एकमेकांशी बोलण्यावाचून इलाज नसायचा.

"आमच्या वेळी अख्ख्या आइसलंडात टीव्हीचं एकच चॅनल, त्यालाही गुरुवारी सुट्टी," आजी विणता विणता म्हणायची. "कुणी मेलं नाही."

परवा मी तिला सांगितलं, की ती पणजी होणार आहे. तिने सुया बाजूला ठेवल्या.



"चला, आता मोडेमची वायर उपटायला नको. तुझ्या आईसकट माझी चारही पोरं गुरुवारचीच."