उजवा बूट

“बूट काढ तुझा,” हसीनाबी इरशादला म्हणाल्या.

लग्नाच्या मांडवात त्यांचा मुलगा अक्रम आडवा पडला होता. हातपाय झटके देत होते, तोंडाला फेस आला होता. मुरुम गावात फीट आली की आधी बूट हुंगवतात, डॉक्टर मागून. बाकीच्यांच्या पायात रबरी चपला. चामड्याचे बूट एकट्या इरशादचे, या दोस्ताच्या बहिणीच्या लग्नात मिरवायला पुण्याहून आणलेले.

इरशादनं डावा काढून दिला. उजव्यात, आतल्या तळाखाली, पावडरीची पुडी होती. तसलीच एक त्यानं अक्रमला दिली होती. “घे, दिवसभर नाचलास तरी दमणार न्हाईस,” म्हणाला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेचं मोल समोर तडफडत होतं, आणि ते आपण लावलं हे इरशादला पक्कं ठाऊक होतं.

हसीनाबी एका हातानंच सगळं करत होत्या. फेस पुसला, बूट नाकाशी धरला. डावी मूठ छातीशी घट्ट, ओठ हलत होते. मुठीत जपाची तसबीह असेल, असं बायकांना वाटलं.

झटके थांबले आणि पुन्हा सुरू झाले. तेवढ्यात गल्लीतले डॉक्टर राजशेखर धावत आले. त्यांनी अक्रमच्या अंगाला हात लावला.

“तव्यासारखं तापलंय अंग. यानं काही घेतलंय का? खरं सांगा, नाहीतर पोरगं हातचं जाईल.”

नवऱ्या मुलाकडची माणसं मागंच उभी होती.

“न्हाई ओ,” हसीनाबी म्हणाल्या. “माझं पोरगं सुपारीसुद्धा खात न्हाई. मिरगी हाय.”

एवढा विश्वास बघून इरशादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोलीस, अब्बा, नोकरी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग त्यानं उजवा बूट काढला आणि पुडी डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

“हे घेतलंय त्यानं. मीच दिलं, खाला,” तो हसीनाबींना म्हणाला.

डॉक्टरांनी सुई भरली. ओले कपडे आणा, उमरग्याला दवाखान्यात न्यायला गाडी बघा, असं ते ओरडत होते. इरशाद अनवाणी उभा राहिला. खालाच्या हातातला तोच बूट आता तोंडावर बसणार, आणि बसावाच, असं त्याला वाटत होतं.

हसीनाबींनी बूट खाली ठेवला. डावी मूठ उघडली. आत तसलीच पुडी होती, घामानं भिजलेली.

“त्याच्या खिशात सापडली. पडला तेव्हाच,” त्या म्हणाल्या. “तू बोललास तरी. मी तर आई हाय.”